वळच्या गोडाऊनमागचं रानडुक्कर

"भिवंडीला? आणि फिरायला?" आमच्या गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गोवा म्हणावं, महाबळेश्वर म्हणावं, गेलाबाजार गणपतीपुळं तरी म्हणावं. हिनं भिवंडी काढली! पण माझी सारिका तिथं दिलेली आहे, आणि तिचे सासरे दामूशेठ फोनवर दर खेपेला म्हणायचे, "विहीणबाई, एकदा याच. पारद (शिकार) काय आसते ती दाखवतो तुमाला." मी जन्मभर एसटीत कंडक्टर होते. माणसांच्या झुंडी पाहिल्या, जनावरांच्या नाही. म्हटलं, चला, तेवढं एक राहायला नको. दुपारच्या जेवणाचा डबा बांधला आणि कोल्हापूर सोडलं.

कल्याणला उतरून भिवंडीची बस धरली. हे गाव दिसायच्या आधी ऐकू येतं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला पत्र्याच्या शेड, आणि आतून लूमचा (यंत्रमागांचा) खटाखट खटाखट आवाज. शेजारच्या बाईंना विचारलं, "हे थांबतं कधी हो?" त्या म्हणाल्या, "लाइट गेली की. आणि आवाज थांबला की आमची झोप मोडते." मला हसू आलं, पण त्या अगदी गंभीरपणे सांगत होत्या.

पुढे वळ या त्यांच्या गावापर्यंत रिक्षा केली. रिक्षावाल्याने विचारलं, "गोडाऊन का नंबर बोलो, अम्मा." मी म्हटलं, "गोडाऊन नाही बाबा, घर. घर पे जाना है." तो आरशातून बघत म्हणाला, "वळ में घर भी हैं?" त्याचंही खोटं नव्हतं. जिकडे बघावं तिकडे गोडाऊन, आणि त्यांच्या तोंडाला लागलेले कंटेनर. एकेका खड्ड्यात रिक्षा अशी आपटत होती की माझा अंबाडा सुटून पाठीवर आला. उतरताना तो म्हणाला, "गोडाऊन के पीछे मत जाना, अम्मा. जंगली सुव्वर बैठा है. हमारे लोडिंगवाले को दौड़ाया उसने." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, अरे, त्याच्यासाठीच तर बोलावलंय मला.

दामूशेठचं घर तीन मजली. पोट पुढे, मिशा पोटाच्याही पुढे, असं त्यांचं स्वागत. बापजाद्यांची भातशेती होती. आता तिच्यावर गोडाऊन उभी आहेत आणि शेठ भाडं घेतात. जेवायला तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि निवट्यांचं कालवण (निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे). मी निवटी उलटीपालटी करून बघत होते, तर शेठ म्हणाले, "खावा, विहीणबाई. ती काय चावनार न्हाय."

मग शिकारीची गोष्ट सुरू झाली. खारबावच्या बाजूच्या रानातून डुकरं भातात उतरायची, गडी हाका घालायचे (ओरडून, डबे वाजवून जनावर पुढं काढायचे), आणि शेठ बरची (आखूड भाला) घेऊन वाटेत उभे.

"दोन हातांवर होता! त्याचा श्वास लागला मना!"

त्यांच्या बायको, सुमनताई, भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "मागल्या येलेला चार हात होता."

"अहो, आणखी दोन पाहुणे आले की डुक्कर मांडीवर येऊन बसेल," मी म्हटलं. सगळे हसले. विहिणीने व्याह्याची टर उडवायची नाही तर कुणाची? शेठही हसले. फक्त सारिका हसली नाही.

जेवणं झाल्यावर ती मला गच्चीवर घेऊन गेली. तिथून गोडाऊनच्या दिव्यांच्या उजेडात मागची पट्टी दिसत होती. काटेरी झुडपं, पडीक खाचरं, आणि पलीकडे खाडीला लागून तिवरं (खारफुटीची झाडं). ती झुडपांकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, ते रानडुक्कर तिथं आहे. आणि त्याला जखमी केलंय ते बाबांनीच, माझ्या सासऱ्यांनी."

सगळं तिने तिथंच सांगितलं. भातकापणीच्या वेळी शेठनी एका डुकराला बरची मारली. दांडा मोडला, पातं खांद्यात राहिलं, आणि जनावर तसंच उधळलं. वाटेत हाका घालणारा त्यांचा चुलतभाऊ काशिनाथ उभा होता. त्याची मांडी फाटली. पाय वाचला, पण सरळ होत नाही. आता ते डुक्कर लंगडत त्या झुडपात राहतं आणि दिसेल त्याच्यावर धावतं. गवत कापणाऱ्या बायकांनी तिकडे जाणं सोडलंय.

"मग वनखात्याला कळवा की गं!"

"कळवलं की ते पहिलं विचारणार, पातं कुणाचं? डुक्कर मारणं गुन्हा आहे, आई. बाबांचं गावात नाव आहे. म्हणून ते उद्या सकाळी एकटेच आत जाणार आहेत, अर्धं काम पुरं करायला. हे सुरतला गेलेत. मी सून, मी बोलले तर उलट बोलली असं होतं. सासूबाई बोलून थकल्या. तू विहीण आहेस. तू चेष्टेत काहीही बोललीस तरी चालतं. थांबव ना त्यांना."

 जखमी रानडुक्कर आणि हा गुडघे धरून जिना चढणारा माणूस! उद्या याचं काही झालं, तर माझ्या पोरीच्या घरावर काय कोसळेल? मी तिला "बघते" म्हणाले. काय बघणार होते, देव जाणे.

सकाळी चहा झाला, आणि शेठ जुन्या लुगड्यात काहीतरी लांबडं गुंडाळून पायरी उतरले. मी झोपाळ्यावरून मोठ्याने विचारलं, "पावणं, कुठं निघाला?"

निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारायचं नाही, हे आपल्याकडे पाळतात तसं तिथंही पाळतात. विचारलं की काम फसतं. मागे फिरायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग नव्याने निघायचं. शेठ दात खात मागे फिरले, बसले, पाणी प्याले, उठले. फाटकापाशी पोचले, तेवढ्यात मी पुन्हा, "पण कुठं म्हणायचं?" सुमनताईंनी तोंडाला पदर लावला. शेठ पुन्हा बसले, पुन्हा पाणी प्याले.

"विहीणबाई, तुमी मना पानी पाजून मारनार."

"डुकरानं मारण्यापेक्षा बरं की."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्या बापाचा नियम हाय. जनावर आर्धं सोडायचं न्हाय. ते तडफडतंय तिथं, आणि ते मी केलंय. मीच जानार."

आता यावर काय चेष्टा करणार? माणूस चुकीच्या कामाला निघाला होता, पण खोटं बोलत नव्हता. मी म्हटलं, "तुमच्या वडिलांच्या वेळी मागं रान होतं. आता गोडाऊन आहेत. तुमचा नेम चुकला तर ते जनावर लोडिंगच्या माणसांत घुसेल. त्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?" ते ऐकत होते, पण पाय फाटकाकडेच. शेवटी मी चप्पल घातली. "मग मीही येते. माझ्या पोरीच्या सासऱ्याला एकटा सोडणार नाही." त्यांना वाटलं बाई थट्टा करतेय. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

वाटेत काशिनाथचं घर. तो ओट्यावर पाय लांब करून बसला होता. लुगड्याची गुंडाळी बघितली आणि सगळं समजला.

"दाम्या, मना बगून तुजं पोट भरलं न्हाय?"

"तुज्याचसाटी चाललोय."

"माज्यासाटी नको जाव. ते मना मारायला न्हाय आलतं. तुज्यापासून पलत होतं, मी मदी होतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हॉस्पिटलात मी सांगितलं, बांधावरून पडलो. याचं नाव न्हाय घेतलं. का तं भाव (भाऊ) हाय."

शेठनी मान वर केली नाही. ते पुढे चालू लागले आणि मी त्यांच्या मागे.

गोडाऊनच्या मागे आवाज कमी होतो. भिंतीलगत सूत, चिंध्या आणि मोडक्या बॉबिनी टाकलेल्या, त्यांच्यात गवत उगवलेलं. पहिल्यांदा वास आला. कुजल्याचा. शेठनी बरची सोडवली आणि हाताने मला मागे राहायला सांगितलं. तेवढ्यात झुडूप हललं आणि ते बाहेर आलं.

खरं सांगते, इतकं जवळ होतं की त्याच्या पापणीवरची माशी मला दिसली. खांदा सुजून भोपळ्याएवढा झालेला, त्यातून पू वाहत होता, आणि मधे गंजक्या लोखंडाचं टोक. सुळे बाहेर. डोळा लाल, आमच्यावर रोखलेला. मी भ्याले.  आणि त्या भीतीत माझ्या तोंडून जन्मभराची सवय बाहेर पडली: "चला, मागं सरका! मागं सरका मालक!"

शेठ खरंच एक पाऊल मागे सरकले. त्याच वेळी डुक्कर धावून आलं. बरची पुढे, आणि मी त्यांचा सदरा मागून गच्च धरलेला. ते जनावर आमच्यापर्यंत पोचलंच नाही. दोन उड्यांत त्याचा पुढचा पाय मुडपला आणि ते तोंडावर आपटलं. चिखलात धडपडत राहिलं. उठायला बघतंय, पुन्हा पडतंय, आणि लहान मुलासारखं कण्हतंय.

आता बरची मारायला लहान पोरही चाललं असतं. शेठनी ती उचलली. मी डोळे मिटले.

आवाज आला नाही. डोळे उघडले तर बरची खाली, आणि शेठ तिच्या शेजारी चिखलात बसलेले. डुक्कर कसंबसं उठून झुडपात परत गेलं.

"मी किती लोकांना सांगितली ही गोष्ट, विहीणबाई," ते म्हणाले. "हसत सांगितली." आणि हा मिशाळ माणूस रडायला लागला. मलाही रडू आलं. विहीण-व्याही दोघं गोडाऊनमागच्या चिखलात बसून रडताहेत, कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं!

मग त्यांनी सारिकाला फोन लावला. "सूनबाई, वनखात्याचा नंबर बग." नंबर तिच्याकडे आधीपासूनच होता.

दुपारी वनखात्याची माणसं आली, जाळी आणि पिंजरा घेऊन, सोबत जनावरांचे डॉक्टर. सुई मारून त्याला निजवलं. गाव गोळा झालं. डॉक्टरांनी खांद्यातलं पातं काढून साहेबांच्या हातात दिलं. साहेबांनी विचारलं, "हे कुणाचं?"

सगळे आपापल्या चपला बघायला लागले. काशिनाथ काठी टेकत पुढे झाला. "साहेब, कुंपनाचा पत्रा लागला आसंल."

"गप काशा," शेठ म्हणाले. "पातं माझं हाय, साहेब. मीच मारलंय. आनि याचा पाय बांधावरून पडून न्हाय गेला. तो पन माझ्यामुलं गेला."

साहेब लिहून घेत होते. सुमनताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझा हात धरला, तो साहेब जाईपर्यंत सोडला नाही.

मी निघाले तेव्हा शेठनी पिशवीत सुकट बांधून दिली. म्हणाले, "शिकार दाखवायची राहिली, विहीणबाई." मी म्हटलं, "पाहिली की." आम्ही दोघंही हसलो, जरा ओशाळंच.

कोल्हापुरात गल्लीतल्या बायकांनी विचारलं, काय पाहिलंस भिवंडीत? लूम सांगितले, खड्डे सांगितले, निवट्या सांगितल्या. डुकराचं सांगताना मात्र अडखळले. जवळून मारणं शौर्याचं, असं आपण म्हणतो. मला तर त्या जवळिकीत एवढंच दिसलं, की समोरच्याला लागलंय. ते जनावर वाचलं नाही, डॉक्टरांनी बरंच केलं तरी.

परवा सारिकाचा फोन आला. शेठवर केस झाली आहे, आणि काशिनाथला कोर्टात साक्षीला बोलावलं होतं. त्याला चालवत नाही, म्हणून शेठनीच त्याला स्वतःच्या गाडीतून नेलं.

"आई, काका गाडीत विचारत होते, दाम्या, काय सांगू रे आत? मग बाबांनी त्यांना हात धरून पायरी चढवली आणि म्हणाले, झालं ते सगलं सांग. घाई करू नको. मी भायेर बसलोय."