वाकडे तास

डवरणीच्या मातीचा आणि तुटलेल्या तणाचा वास आला की मी पुन्हा जानेफळच्या शेतात एकोणीस वर्षांचा होतो. अमरावतीहून मॅट्रिक होऊन, नवा कोट घालून परतलो होतो. आपण मोठे झालो हे कोटावरून गावाला पटेना, म्हणून पेरणीला तिफण मागितली. बाबांनी दिली. ज्वारी उगवली तेव्हा माझा मोठेपणा साऱ्या शिवाराला दिसला. सगळे तास, म्हणजे पेरलेल्या ओळी, नागमोडी होते.

शेजारचे नामदेवकाका बांधावरून बाबांना ओरडून म्हणाले, "काऊन हो दादा, पोरानं पेरलं का सापानं? मोडा अन् दुबार पेरा!"

मी बाबांकडे पाहिलं. पीक मोडलं असतं तर मी पुन्हा पोरगाच ठरलो असतो.

"नाई मोडत. पह्यली पेरनी हाय त्याची," बाबा म्हणाले आणि त्यांनी तण काढायला डवरा जुंपला.

डवऱ्याला पेरलेल्या ओळींमधूनच जावं लागतं, नाहीतर पीकच उपटतं. त्या हंगामात माझ्या प्रत्येक वळणावर बाबा बैलांसकट वळले. पुढे माझेही हारतुऱ्यांचे सत्कार झाले, भाषणं झाली. पण त्या वळणांइतका मान मला कुणी दिला नाही.