वीज येईपर्यंतची कविता आणि मेश्राम बाई

टिक्‌टिक्‌, टिक्‌टिक्‌... आणि मग साऱ्या वर्गाचा एकच आनंदी गलका. कुसुम मेश्राम बाईंची आणि माझी पहिली ओळख अशी आवाजातून झाली. दिग्रसच्या आमच्या शाळेत आठवीच्या दोन तुकड्यांमध्ये लाकडी फळ्यांची आडभिंत होती. अलीकडे मी मराठीच्या कविता शिकवी. पलीकडे नव्याने रुजू झालेल्या बाई गणितात कॅल्क्युलेटर हाताळायला शिकवीत. माझ्या कवितेला असा गलका कधी झाला नव्हता.

तक्रार घेऊन मी त्यांच्या दारात गेलो. बाईंनी आदराने खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "बरं झालं आले सर. एकोणपन्नास गुणिले एकवीस, अंदाजे किती?"

"पाचशे," मी म्हणालो.

पोरांनी बटने दाबली. हजारावर उत्तर आले. मागच्या बाकावरून कुणी म्हणाले, "सर तं अर्ध्या रस्त्यातच उतरले बे!"

बाईंनी त्याला दटावले, पण ओठ दाबून हसत. आधी तोंडी अंदाज, मग बटन, हा त्यांचा नियम. "यंत्र चुकत नाही, बोट घसरते," असे त्या सांगत.

ती कापसाच्या पडझडीची वर्षे. घरात कापसाचा विषय निघाला की माणसे उठून बाहेर जात. बाईंनी नेमका तोच वर्गात आणला. स्प्रेडशीट, म्हणजे संगणकावरचा चौकटींचा तक्ता, शिकवायचा होता आणि भारनियमनामुळे वीज नव्हती. बाईंनी व्हरांड्यातच खडूने चौकटी आखल्या. घरच्या वेच्यात किती किलो कापूस निघाला, तो आकडा पाटीवर लिहून एकेक पोरगा-पोरगी चौकटीत उभे राहायचे. शेवटच्या चौकटीतल्याने बेरीज ओरडायची. कुणी पाटी पुसून आकडा बदलला की लगेच नवी बेरीज. एकदा बेरजेवाल्या पंढरीने स्वतःच्या पाटीवरची जुनी बेरीजही धरली. कापूस एकदम दुप्पट!

"अबे, तू सोताले काहून मोजून राह्यला?" पोरे खो-खो हसली. संगणकावर पुढे तीच चूक दिसली, तेव्हा सांगावे लागले नाही.

ज्यांच्या घरी कापूस थोडा, ती मुले मागे रेंगाळत. हे ध्यानात येताच बाईंनी पाटीवर नाव लिहिणे बंद केले, पाट्या सरमिसळ करून वाटल्या. "आकड्याले आडनाव नसते," म्हणाल्या. ही माया मी खिडकीतून पाहिली आहे. असे मला का सुचत नाही, म्हणून जळलोही आहे.

हेवा आजही वाटतो. जुने विद्यार्थी बसस्टँडवर भेटतात, पाया माझ्या पडतात आणि विचारतात, "मेश्राम मॅडम कशा हायेत वो?"

पण खरे दुखणे शनिवारचे. शेवटचा तास माझ्या काव्यवाचनाचा. आठवडाभर मी त्याच तासाची वाट पाहायचो. वीजही नेमकी त्याच सुमारास येई. मुख्याध्यापकांनी तोडगा काढला, "वीज येईपर्यंत पोरे तुमची, आली की बाईंची." पोरांचा एक डोळा पुस्तकात, दुसरा बल्बवर. बल्ब लुकलुकला की कडवे अर्ध्यावर टाकून सारी संगणकाच्या खोलीकडे धूम पळत. ओरडून उपयोग नसे. त्या खोलीत काय जादू होती, ते मलाही ठाऊक होते.

बाई आता साठ पूर्ण करीत आहेत. त्यांची नजर, त्यांचे गुडघे आणि ते ओठ दाबून हसणे शाबूत राहो. आयुष्याचा अंदाज आम्ही शंभराचा बांधला आहे. आमचा अंदाज कमी पडण्याची ख्याती आहेच, तो इथेही कमी पडो.

आणि एक शनिवार सांगितल्यावाचून मला थांबवत नाही. नदीची कविता चालली होती. नदी अजून डोंगरातच, तोच बल्ब लागला. वर्ग रिकामा झाला. मी पुस्तक मिटले. हा तास आता मुख्याध्यापकांना परत करून टाकावा, असे मनाशी ठरवले आणि दार ओढायला गेलो, तर दारात मेश्राम बाई.

"काय विसरलं पोरांचं?" मी तुटकपणे विचारले.

"काही नाही. ते तिकडे आपापलं करून राह्यले. पण सर, मी पलीकडून ऐकते, तं तुमची नदी दर शनिवारी डोंगरातच अडकते. आज मले समुद्रापर्यंत जायचं हाय."

आणि बाई पहिल्या बाकावर येऊन बसल्या.