अर्धे प्याले

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाची एक रीत आहे. भाकरीचे तुकडे आणि मग द्राक्षरसाचे इवले प्याले तबकातून बाकाबाकाने हातोहात फिरतात, आणि शेवटच्या माणसाच्या हातात प्याला येईपर्यंत कुणी ओठाला लावत नाही. मग सगळे एकदम पितात. ज्याच्या मनात कुणाविषयी अढी असेल त्याने मात्र काही न घेता तबक पुढे द्यायचं, आणि पुढच्या महिन्याच्या आत भांडण मिटवून यायचं. त्यामुळे प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात म्हणतात ना, तबक फिरताना ते काही खरं नसतं.

त्या रविवारी भावोजींनी काही न घेताच तबक पुढे दिलं.

भावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, धंद्याने शिंपी. दुकान आमच्या घराच्याच तळमजल्यावर, आणि जाऊबाई गेल्यापासून जेवण आमच्यात. उभ्या जन्मात या माणसाने कुणाच्या अरेला कारे केलं नाही. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं आणि सदरा होईना, तर हेच म्हणणार, कापड आटलं हो. अशा माणसाची अढी कुणाशी? मला ते चौकशीखिडकी म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, बरोबरच म्हणतात. विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही आणि कळलेलं सांगितल्याशिवाय झोप लागत नाही. जेवताना विचारलंच. ते म्हणाले, भाजी छान झालीय.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात रीघ लागली. पहिला आला मंडळीतला प्लंबर, जो प्याले भरायचं काम करतो. 'काका उरलेलं कापड घरी नेतात' असं आपण एकदा चारचौघांत बोललो होतो, माफ करा, म्हणाला. भावोजींना यातलं काहीही माहीत नव्हतं. मग गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांनी नवऱ्याचा कोट गुपचूप दुसऱ्या शिंप्याकडून दुरुस्त करून घेतला होता. एक दिवस तर खुद्द पाळकसाहेब आले आणि गर्वावरचं प्रवचन तुमच्यावर नव्हतं, असं सांगून गेले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. भावोजी सगळ्यांना माफ करत होते आणि मी चहाचे कप घेऊन खालीवर करत होते. इतकी करमणूक मला वर्षभरात झाली नव्हती.

पण कप विसळताना एक गोष्ट खटकायला लागली. पाहुण्यांचे कप रिकामे यायचे. भावोजींचा तेवढा भरलेला, वर साय धरलेली. रोज. चहावर जीव असलेला माणूस! मी म्हटलं हे काय नवीन, आणि एकदा पाहुणा गेल्यावर पाऊल न वाजवता दुकानाच्या मागच्या खोलीत डोकावले.

भावोजी दोन्ही कोपरं टेबलावर रोवून, दोन्ही हातांनी कप धरून प्यायची खटपट करत होते. तरी कप दातांवर वाजत होता. समोरच्या कापडावर खडूने आखलेली रेघ होती, तीही नागमोडी. चाळीसएक वर्षं पट्टीशिवाय सरळ रेघ मारणारा हात तो. आम्ही सगळे साप समजून भुई धोपटत होतो.

मला पाहून त्यांनी कप खाली ठेवला. थोडा सांडलाच.

"चहा सांडला तर पुसता येतो गं," ते म्हणाले. "तो प्याला कसा सांडू?"

"सांगायचं होतं ना. कुणीतरी धरला असता."

"शिंप्याचा हात कापतो म्हटल्यावर कापड कोण टाकेल? कुणाला बोलू नकोस. तू तर मुळीच नकोस."

तू तर मुळीच नकोस! राग आला मला, पण रडूही आलं.

पुढचं प्रभुभोजन जवळ आलं. पुन्हा तबक पुढे गेलं असतं तर लोकांनी खोदून खोदून विचारलं असतं. मी प्लंबरला सांगितलं, या वेळेपासून प्याले मी भरते. सकाळी लवकर उठणाऱ्यांतली मी नव्हे, त्यामुळे तो बघतच राहिला. आणि मी सगळेच्या सगळे प्याले अर्धे भरले.

तबक भावोजींकडे आलं. त्यांनी प्याल्यात पाहिलं, मग बाकावरच्या सगळ्यांच्या हातांकडे पाहिलं, आणि उचलला. प्याला हातात लटलटत होता, पण काठापर्यंत रस आलाच नाही. सगळ्यांबरोबर प्यायले. बाहेर आल्यावर गाण्याच्या बाईंनी मला ऐकवलं, द्राक्षरस काय तुमच्या माहेरून आणायचा होता? ज्या तोंडात कधी तीळ भिजला नाही, ते तोंड मी मिटून धरलं. दर महिन्याला चिक्कू म्हणवून घेतलं.

मग एकदा जिन्यावरून घसरून माझा पाय मोडला. प्रभुभोजनाच्या रविवारी नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून उशिराच पोचले, भावोजींच्या शेजारी टेकले आणि तबक निघाल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की आज प्याले मी भरलेले नाहीत. आता उठून काही करताही येईना. भावोजींचे हात मांडीखाली दाबलेले. मी देवाला म्हटलं, आजच्या दिवस सांभाळ.

तबक आमच्यापर्यंत आलं. सगळे प्याले अर्धे होते.

मी कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. मान वळवून पाहिलं तर प्लंबर दाराशी उभा राहून छत न्याहाळत होता. गाण्याच्या बाईंनी आपला अर्धा प्याला उचलला आणि हूं की चूं केलं नाही. भावोजींनी मांडीखालून हात काढला आणि उचलला. सगळे थांबले होते. मग सगळ्यांनी एकदम घेतलं.

निघताना प्लंबर समोर आला. कधी कळलं, कसं कळलं, आणखी कुणाकुणाला ठाऊक आहे, सगळं ओठावर आलं होतं.

"पाय कसा आहे, वहिनी?" त्याने विचारलं.

"बरा आहे," मी म्हटलं, आणि भावोजींच्या दंडाला धरून पायऱ्या उतरले.