मधलं बेअरिंग

लकडगंजात लाकडाच्या वखारींमागे मी पत्र्याचं एक शेड घेतलं, तेव्हा स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. त्याआधी नऊ वर्षं मी सदर भागातल्या एका मोठ्या गॅरेजात मेकॅनिक होतो. स्वतःचं काम सुरू करावं की नाही, या विचारात दोन महिने गेले. शेवटी बायकोच म्हणाली, "घ्या ना शेड. किती दिवस विचार करून राहाल?"

त्याच पावसाळ्यात आमची पहिली मुलगी गेली. एकवीस दिवसांची होती. बारसं करायचं राहिलं होतं.

त्यानंतर घरातलं बोलणं थांबलं. जेवता का, पाणी तापलं, मी निघतो, एवढंच. बायको उमरेडच्या कोष्ट्याची मुलगी. आमच्या घरीही पूर्वी माग होता, पण मी लहानपणीच त्यातून बाहेर पडलो. महाल भागातल्या आमच्या गल्लीत दोन माग चालत, आणि लग्नापासून ती त्यांच्यासाठी सुताच्या कांड्या भरून द्यायची. तेही तिने सोडलं. दुपारी डबा घेऊन ती शेडवर यायची, मी जेवेपर्यंत दाराशी बसायची आणि डबा घेऊन परत जायची. तिला काही विचारायची मला भीती वाटायची.

अशात एका म्हाताऱ्या डॉक्टरांची मोटार माझ्याकडे आली. महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा त्यांनी ती ताडपत्री घालून उभी केली होती, ती तशीच राहिली. इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधायचं होतं. त्यांनी विचारलं, "मेन बेअरिंग बसवता येतात ना तुम्हाला?" मी हो म्हणालो.

ते पूर्ण खरं नव्हतं. इंजिनाच्या पोटात क्रँक नावाचा जाड, वाकडा दांडा असतो. पिस्टन खालीवर होतात आणि तो गोल फिरतो. त्या गाडीत तो तीन मेन बेअरिंगांवर, म्हणजे आधाराच्या गोल खोबण्यांवर, बसलेला होता. तेव्हाच्या जुन्या गाड्यांना तयार बेअरिंग मिळत नसत. व्हाइट मेटल नावाचा मऊ धातू वितळवून ओतायचा आणि मग दांड्याच्या मापाने हाताने खरडत बसवायचा. गॅरेजात हे काम आमचे उस्ताद एकटे करायचे. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. नऊ वर्षं मी नुसतं पाहिलं होतं.

पाहिलं होतं तसं केलं. इंजिन सुरू झालं. डॉक्टरांना शेजारी बसवून मी कामठी रोडला गाडी काढली. सात-आठ मैल ती छान चालली. मग इंजिनातून ठोके यायला लागले, आतून कोणी बुक्क्या मारत असल्यासारखे. मी गाडी थांबवली. काडी घालून तेल पाहिलं, तर त्यात चांदीसारखे कण चमकत होते. मधलं बेअरिंग जळलं होतं.

एका बैलगाडीला दोर बांधून आम्ही मोटार परत आणली. शेडपाशी उतरल्यावर डॉक्टर म्हणाले, "पुन्हा खोलावं लागेल?"

"हो."

"मग खोला. मला घाई नव्हती. तुम्हालाच होती."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मी इंजिन खोललं, धातू पुन्हा ओतला आणि खरडायला बसलो. दांड्याला निळा रंग लावायचा, तो जागेवर ठेवून एक-दोन वेळा फिरवायचा आणि उचलायचा. बेअरिंगवर जिथे निळं उमटतं तिथे दांडा टेकतो. तेवढंच खरडायचं आणि पुन्हा रंग लावायचा. चौथ्या दिवशी सगळीकडे सारखं निळं उमटलं. मला हायसं वाटलं.

बायको डबा घेऊन आली होती. दाराशी न बसता ती जवळ आली.

"हे निळं काहून लावून राहिले तुम्ही?"

कित्येक महिन्यांत तिने स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी तिला सगळं सांगितलं. जरा जास्तच सांगितलं, तिने पुन्हा गप्प होऊ नये म्हणून.

"मंग आता सगळीकडे उमटलं, म्हणजे झालं?"

"झालं."

ती वाकून पाहत राहिली. मग म्हणाली, "नाई झालं. रंग जाड लागला म्हणून उमटलं. ताण्याच्या सुताले खळ जाड लागली का अर्धा तुटलेला धागाही साजरा दिसते. मागावर चढला का मंग तुटते."

तिने फडकं घेतलं, दांडा कोरडा पुसला आणि बोटावर जेमतेम दिसेल एवढा रंग घेऊन तळहाताने दांड्यावर पातळ ओढला. मी दांडा ठेवला, फिरवला, उचलला. मधल्या बेअरिंगच्या एका कडेला दोन ठिपके उमटले होते. बाकी सगळं स्वच्छ होतं. म्हणजे दांड्याचा सगळा भार त्या दोन ठिपक्यांवर पडणार होता. पहिल्या वेळी काय झालं ते मला तेव्हा कळलं.

"बस ना वं जराशी," मी म्हणालो.

ती बसली. त्या दिवसापासून बारा दिवस ती डबा घेऊन येऊन संध्याकाळपर्यंत थांबायची. रंग ती लावायची, मी खरडायचो. खरडल्यावर ती डोळे मिटून बोट फिरवायची आणि म्हणायची, "इथं अजून टोचून राहिलं." माझ्या बोटाला तिथे काहीच लागत नसे. पण रंग लावला की ठिपका बरोबर तिथेच उमटायचा. कधीतरी मध्येच ती मुलीबद्दल बोलली. "तिची बोटं लांब होती, माझ्यासारखी," म्हणाली. मी खरडतच राहिलो, कारण वर पाहिलं असतं तर ती थांबली असती.

इंजिन बांधून झालं त्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी तिचे निळे हात पाहिले, माझे पाहिले. "नवी बेअरिंग सुरुवातीला हळू चालवावी लागतात ना?" त्यांनी विचारलं. "मग लांब कुठेतरी नेऊन आणा. यांनाही न्या."

आम्ही उमरेडला गेलो. तिचे वडील मागावरून उठून बाहेर आले आणि मोटारीभोवती एक चक्कर मारून मुलीसमोर उभे राहिले. आई धावत आली. बाळ गेल्यापासून बायको रडली नव्हती. आईच्या गळ्यात पडून ती त्या दिवशी रडली. मी आणि सासरे अंगणात उभे राहून उगाच इंजिन पाहत होतो.

पुढे दोन मुलं झाली, शेड मोठं झालं, शेल बेअरिंग तयार मिळायला लागली आणि निळा रंग लावायची गरज उरली नाही. तीही शेडवर येईनाशी झाली. घरचं कामच तिला पुरेसं होतं. डॉक्टरांची गाडी कोणीतरी जबलपूरला नेली. बायको जाऊन आता आठ वर्षं झाली. मुलं विचारतात, बाबा, तुम्हाला काय आणून देऊ? मला हवी आहे ती उमरेडहून परतीची दुपार, आणि ती काही कोणी आणून देऊ शकत नाही.

रस्ता रिकामा होता. मोहाची फुलं पडायला लागली होती आणि त्यांचा वास गाडीत येत होता. ती पुढे माझ्या शेजारी बसली होती, पदर खोचून, डोळे सुजलेले.

"असं हळूच चालवा लागते का नेहमी?" तिने विचारलं.

"नाई. पहिले पाचशे मैल."

"आन् उमरेड किती?"

"तीसही नाही."

तिने मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग अजून हळू चालवा."