ताईचं चिनी भविष्य

चार वर्षं मी गोंदियात बसून लोकांचं चिनी भविष्य लिहिलं. चीनशी माझा संबंध म्हणजे हातातला मोबाइल आणि कधीमधी गाडीवर खाल्लेली नूडल्स, एवढाच. पण दर शनिवारी आमच्या साप्ताहिकाच्या आतल्या पानावर बारा प्राण्यांची चौकट यायची आणि प्रत्येक प्राण्याखाली तीन ओळी असायच्या: काम, पैसा, नातेसंबंध. त्या छत्तीस ओळी माझ्या. वर नाव छापायचं नाही असं ठरलं होतं, ते एक बरं होतं.

मी मुळात पानं लावणारा माणूस. बातम्या टाइप करायच्या, जाहिराती बसवायच्या, उरलेली जागा भरायची. एक दिवस संपादकांच्या डोक्यात आलं की राशिभविष्य सगळेच छापतात, आपण चिनी छापू. "नया कुछ तो चाहिए यार," म्हणाले, आणि काम माझ्या गळ्यात पडलं. पहिले दोन-तीन महिने मी इंटरनेटवर शोधून इमानदारीत मराठीत आणलं. मग कंटाळा आला. जुन्या ओळी एका फाइलमध्ये साठवल्या आणि फिरवायला लागलो. उंदराचं मागच्या महिन्यातलं वाघाला, वाघाचं डुकराला. कुणाच्या बापाला कळलं नाही. तक्रार आली ती भलतीच. एका वाचकानं फोन करून विचारलं, "मीच डुक्कर काऊन? माया भाऊ ड्रॅगन कसा?" पुढच्या अंकापासून संपादकांनी डुकराचा वराह केला.

लोकांना ते आवडायचं, याला कारण होतं. आपल्या पत्रिकेला जन्माची वेळ लागते, आणि आमच्या गावाकडे पोरींच्या जन्माची वेळ कोण लिहून ठेवतो? चिनी भविष्याला नुसतं साल पुरतं. चौकटीखाली सालांचा तक्ता असायचा. आपलं साल शोधायचं, प्राणी बघायचा, काम झालं. माझ्या ताईची पत्रिकाच नव्हती. लग्न जमवताना तिच्या सासरच्यांनी मागितली नाही, तेव्हा आम्हाला केवढं सुटल्यासारखं वाटलं होतं.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिला कोहमाऱ्याला दिली. हायवेला लागून भाऊजींचा ढाबा, मागच्या अंगाला दोन खोल्या. भाऊजी तिला मारायचे. हे इतकं साधं वाक्य लिहायला मला पुष्कळ वर्षं लागली. घरात आम्ही 'त्यांचा स्वभाव जरा तापट आहे' असं म्हणायचो. माय होती तोवर ती म्हणायची, मूल झालं की निवळेल. मूल झालं नाही आणि माय गेली. नंतर ताईला माहेर म्हणून जे काही उरलं ते गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीतली माझी भाड्याची दोन खोल्यांची जागा, त्यात मी, बायको आणि आमची दोन पोरं.

त्या भाऊबीजेला ती आली तेव्हा तिचं डावं मनगट सुजलेलं होतं. ओवाळताना ताट उजव्या हातावर तोलून धरलं होतं, ते मी पाहिलं. बाहेरच्या खोलीत भाऊजी बसले होते. मी हळूच विचारलं, तर म्हणाली, "पडली." मग विषय बदलावा तशी हसली.

"तुया पेपरातलं चिनी भविष्य तूच लिवते ना, बाबू?"

"तुले कोण सांगितलं?"

"कोण कायले सांगते? तुयी भाषा वळखू येते मले. दर शनिवारी वाचून राहिली मी. माया प्राण्याचं लय बरोबर निघते."

ढाब्याची छोटी जाहिरात आमच्याकडे यायची, म्हणून एक अंक तिकडे फुकट जायचा. तिचा फोन भाऊजींच्या खिशात असे. मी लावला की तेच उचलत, स्पीकरवर टाकत आणि समोर बसून राहत. "बरी आहेस का?" "बरी हाये." यापलीकडे आमचं बोलणं कधी गेलं नाही. म्हणजे तिच्यापर्यंत जाणारी एकच वाट होती, आणि ती माझ्या हातात होती.

एखादा खरा भाऊ असता तर त्याच दिवशी तिला म्हणाला असता, आता जाऊ नकोस. मी नाही म्हणालो. दोन खोल्या, बायको काय म्हणेल, भाऊजी दारात येऊन तमाशा करतील, मुर्रीतले लोक काय बोलतील, हे सगळं माझ्या मनात आलं. बायकोला तर मी विचारलंही नाही. ती नाही म्हणेल असं मीच धरून चाललो होतो. तोंडानं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मी छापायचं ठरवलं.

ताईचं आधार कार्ड मीच काढून आणलं होतं, तिच्या शाळेच्या दाखल्यावरून. साल मला पाठ होतं. तक्त्यात पाहिलं तर साप. त्या आठवड्यात बाकीच्या अकरा प्राण्यांना मी फाइलमधलं जुनंपुराणं वाटून टाकलं आणि सापाच्या नातेसंबंधांवर अर्धा तास घालवला. लिहिलं: 'सहन करण्याची वेळ संपली. माहेरचे दार उघडे आहे.' पुढच्या आठवड्यात: 'भावाकडे जाण्यास बुधवार उत्तम. सामान घेऊ नये, नुसते निघावे.' त्याच्या पुढच्या: 'विचार करीत बसू नका. भाऊ स्टँडवर असेल.'

आणि मी खरंच स्टँडवर असायचो. दर बुधवारी दुपारी ऑफिसातून चहाच्या निमित्तानं निघायचं आणि देवरी, कोहमाऱ्याकडून येणाऱ्या गाड्यांतून कोण उतरतं ते बघत उभं राहायचं. दोन गाड्या बघून परत यायचो. ती कधीच उतरली नाही.

संपादकांच्या लक्षात आलं. "सापवाल्यांना तू सारखा माहेरी काऊन धाडून राहिला बे?" एका सापवाल्या म्हाताऱ्याचा फोनही आला, की मले भाऊच नाही, मी कोठं जाऊ? आम्ही सगळे पोट धरून हसलो. मीही हसलो, आणि त्या बुधवारी पुन्हा स्टँडवर जाऊन उभा राहिलो.

असे दोन-अडीच महिने गेले. मग मला तिचा राग यायला लागला. इतकं स्पष्ट लिहितो, भाऊ स्टँडवर आहे म्हणतो, तरी बाई हलत नाही. म्हणजे तिलाच तिथं राहायचं असेल. आपण आपलं काम केलं. राग धरला की माणसाचं किती सोपं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी स्टँडवर जाणं सोडलं आणि सापालाही फाइलमधलं द्यायला सुरुवात केली.

उन्हाळ्यात तिला सरकारी दवाखान्यात आणल्याचा फोन आला. कढईतलं तेल. उजवा गाल, कान, मान आणि खांदा. पोलिसांना तिनं सांगितलं की भजी तळताना कढई कलंडली. भाऊजी दुसऱ्या दिवशी येतो म्हणून गेले ते आलेच नाहीत. जवळजवळ दीड महिना ती तिथं होती. उजव्या डोळ्यानं तिला आता नुसता उजेड कळतो. सुट्टी मिळायच्या दिवशी मी बायकोसमोर शब्द जुळवत उभा होतो, तर तीच म्हणाली, "आतली खोली ताईले देऊ. पोरं आपल्यापाशी झोपतील." त्यासाठी तिला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मी भाऊबीजेला विचारलं असतं तरी लागलं नसतं.

घरी आल्यावर आठेक दिवसांनी, दुपारी पोरं शाळेत आणि बायको बाजारात गेली असताना, मी तिच्याजवळ बसलो. मला तिच्याकडून काहीतरी हवं होतं. मी प्रयत्न केला होता हे तिनं कबूल करावं, असं काहीतरी.

"ताई, मी दर आठवड्याले लिहत होतो. ये म्हून. तू काऊन नाही आली?"

"कोठं लिहत होता?"

"पेपरात. सापाच्या खाली."

तिनं चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. "साप कोण? मी तं बकरी आहो."

मला आधी वाटलं, औषधं तिच्या डोक्यात चढलीयत. पण ती शांतपणे सांगत गेली. माय धानाच्या रोवणीला जायची तेव्हा तिला सांभाळायला घरी कुणी नव्हतं. म्हणून चौथ्या वर्षीच शाळेत नेऊन बसवली. सहा पुरी नसेल तर नाव कसं टाकू, असं मास्तर म्हणाले आणि मग त्यांनीच साल दोन वर्षं मागं नेलं. "खरं साल मायनं मले सांगितलं होतं. गावचा तलाव फुटला त्या साली मी झाली. ते साल तलावाच्या पारीवर, बांधाच्या दगडावर कोरून हाये. मायचं खोटं कसं राहील?"

आमच्याकडे प्रत्येकाला दोन वयं असतात, एक शाळेतलं आणि एक घरचं. माझीही आहेत. नोकरीसाठी माझं साल पुढं ढकललेलं आहे. हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरीही मी दाखल्यावरच्या सालावर तिला शोधत बसलो.

ती आतून एक पिशवी घेऊन आली. दवाखान्यातही ती तिच्याजवळच होती, पण मी कधी आत पाहिलं नव्हतं. भाऊबीजेपासूनच्या अंकांतली कात्रणं त्यात होती, नीट घडी घातलेली. सगळी बकरीची. 'धीर धरावा.' 'जोडीदाराशी जुळवून घ्यावे.' 'प्रवास टाळावा, घरीच राहावे.' बकरीकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. फाइलमधलं जे वर असेल ते उचलून तिच्या खाली टाकत होतो.

मी म्हणालो, "ताई, ते मी तुयासाठी नव्हतं लिवलं. ते कोणासाठीच नव्हतं."

तिनं कात्रणांची पुन्हा घडी घातली. "मले वाटलं, तूच सांगून राहिला. तुया दोनच खोल्या, दोन लेकरं. जागा नाही हे तोंडावर कसं सांगशील, म्हून लिवत असशील. मले तुया राग नाही आला, बाबू. मी समजून घेतली, अन् थांबली."