साहेबांची ताजी वेळ

लेथवर चढवलेल्या पंपाच्या बॉडीत पुन्हा भोकं निघाली. मॅनेजर दामलेसाहेब माझ्याकडे न बघताच म्हणाले, "फोरमन, पुढचा लॉटही असाच निघाला तर त्या ज्ञानूला घरी पाठवा."

कुंडलचा ज्ञानू आमच्या सांगलीच्या फौंड्रीतला मोल्डर. म्हणजे वाळू ठोकून साचा भरणारा. साच्यात तारेनं बारीक छिद्रं पाडावी लागतात, वितळलेलं लोखंड ओतलं की त्यातून गॅस बाहेर पडतो. तो कोंडला की लोखंडात पोकळ्या राहतात. सगळा खेळ हाताचा आणि लक्षाचा. मी साताऱ्याहून इथं आल्यापासून ज्ञानूचा हात पाहत होतो. असा हात एकाएकी बिघडत नाही.

बिघडलं होतं टाइमटेबल. साहेब नुकतेच मुंबईहून मॅनेजमेंटचा कोर्स करून आले होते. साठ सालानंतर असे कोर्स नवेच निघाले होते, आणि करून आलेला माणूस नव्या कोटासारखा तो मिरवायचा. माणूस सकाळी ताजा असतो, म्हणून सर्वांत महत्त्वाचं काम सकाळी करावं, असं साहेब तिथं शिकले. शिकले ते बरोबरच. पण फौंड्रीतलं सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे आपलं भाषण, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. सकाळभर मीटिंग, साचे जेवणानंतर.

मी ज्ञानूला गाठलं. "काय रे, हात का चुकतोय?"

"हात न्हाई ओ, डोळं. भाकरी, मसुरा आन् तांब्याभर ताक पोटात गेलं की वाळू गादीवानी दिसतीया. भोकं पाडली का न्हाई, त्येच ध्यानात ऱ्हात न्हाई. आवं, खरंच काढत्यात व्हय मला? घरात कमावता मी एकलाच हाय."

मला साहेबांचा भयंकर राग आला. पण साहेबाला चूक दाखवणं म्हणजे वितळल्या लोखंडावर पाणी ओतून स्फोट करणं. मी लोणी लावायला गेलो.

"साहेब, सकाळी फोन वाजतो, पार्ट्या येतात. तुमचं भाषण मध्येच तुटतं. दुपारी कुणाची कटकट नसते."

"मी हेच सुचवणार होतो," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साचे भरून झाले. दुपारी मीटिंग. विषय होता सावधपणा. साहेबांच्या डब्यात बहुधा पुरणपोळी असावी. दोन-चार वाक्यांत जीभ जड झाली, मग मान छातीवर टेकली. कुणी हललं नाही. एकाला खोकला आला तर ज्ञानूनं त्याचं तोंडच दाबलं.

"गप रं गड्या! पयल्यांदाच मीटिंग झकास चाललीया."

हळूहळू सगळेच झोपले. मीही.

भोंगा झाला तसे साहेब दचकले. "तर... समजलं ना सगळ्यांना?"

"व्हय सायेब!" इतकं तरतरीत उत्तर त्यांना कधीच मिळालं नव्हतं.

तो लॉट लेथवर चढला. एक भोक नाही. ज्ञानू बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा कास्टिंगवरून हात फिरवत राहिला. साहेबांनी मालकांना सांगितलं, सावधपणावरच्या भाषणाचा कामगारांवर चांगला परिणाम झाला. मालकांनी सगळ्यांसमोर त्यांचा सत्कार केला. ज्ञानूची नोकरी राहिली होती, म्हणून मीही टाळ्या वाजवल्या.

ज्या कामात डुलकी लागली तरी कुणाचं काही बिघडत नाही, ते काम जेवणानंतर ठेवावं. आमच्या फौंड्रीत तसं काम एकच होतं.