यंदा बसायचं की पुढच्या वर्षी

मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला कोणत्या वर्षी बसावं या विषयावर मत नसलेला माणूस मी डिलाईल रोडला पाहिलेला नाही. आमच्या चाळीखालच्या इस्त्रीवाल्यालाही मत होतं. त्याची मुलगी तेव्हा सातवीत होती, पण 'पहिल्या झटक्यात कोणाचं होत नसतं' हे त्याने माझ्या पंजाबी ड्रेसवर इस्त्री फिरवता फिरवता मला दोनदा ऐकवलं. समोरच्या खोलीतले काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या मते बारावीच्या वर्षात ही परीक्षा देणं म्हणजे दोन दगडांवर पाय. त्यांच्या भाचीने म्हणे ठेवले होते आणि ती कुठेच पोचली नाही. ती कॅनडाला पोचली होती, हे मला काकूंकडून कळलं.

प्रश्न खरं तर साधा होता. परीक्षा वर्षातून एकदाच, मे महिन्यात. बारावीचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये. आणि परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत संपणार ती नेमकी बारावीचे पेपर चालू असताना. म्हणजे डोक्यात ऑरगॅनिकच्या रिॲक्शन कोंबलेल्या असताना ठरवायचं, की येत्या मेमध्ये बसायचं, की यंदा सोडून देऊन पुढच्या मेपर्यंत नुसता अभ्यास करायचा. या सोडून देण्याला सगळे 'ड्रॉप' म्हणत. आयुष्यातलं अख्खं एक वर्ष, आणि नाव एवढं सुटसुटीत.

क्लास दादरला होता. तिथल्या सरांच्या केबिनमध्ये पास झालेल्या मुलांचे फोटो छतापर्यंत लावलेले, आणि सरांचा चेहरा कायम गंभीर. तो त्यांनी मेहनतीने कमावला असावा. माझ्या सराव परीक्षांचे मार्क बघून ते म्हणाले, "तू बॉर्डरवर आहेस. बस म्हटलं तर बसशील. पण कमी मार्क आले की मुलं खचतात गं. आमची रिपीटर बॅच जूनमध्ये सुरू होते." कोणत्याही विषयावर दोन वाक्यं झाली की सर रिपीटर बॅचवर यायचे. मी सतरा वर्षांची होते, पण त्यांना माझ्या खचण्याची काळजी किती आणि बॅच भरण्याची किती, एवढं मला कळत होतं.

या सगळ्यांवर कडी केली ती आमच्या पप्पांनी. पप्पा परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात लिफ्टमन. त्यांनी ठरवलं की चाळीतल्यांना कशाला विचारायचं, आपल्या लिफ्टमध्ये दिवसभर साक्षात डॉक्टर चढतात-उतरतात. तळमजल्यावर एखादा पांढरा कोट आत शिरला की पप्पा स्टुलावरून बटण दाबत विचारायचे, "सर, मुलगी बारावीला हाय. यंदा बसू दे, का पुढच्या वर्षी?" त्याने सहाव्या मजल्याच्या आत उत्तर द्यायचं. शिकाऊ डॉक्टर म्हणायचे, बसू दे की काका, काय जातंय. झोपेने त्यांचे डोळे मिटत असायचे, त्यांनी कशालाही हो म्हटलं असतं. मोठे डॉक्टर म्हणायचे, घाई नको, पाया पक्का होऊ दे. एका मॅडमनी विचारलं, "इंजिनीअरिंगला का नाही घालत?" आणि उत्तराची वाट न बघता तिसऱ्यावर उतरून गेल्या.

जेवताना पप्पा आम्हाला दिवसभराचा निकाल सांगायचे. आज 'बसू दे' चार, 'पुढच्या वर्षी' सहा. आई भात वाढता वाढता ऐकायची आणि माझ्याकडे बघायची. माझं पुढचं आयुष्य मतदानाला टाकलेलं होतं आणि मतदारांना आपण कशावर मत दिलं हे पुढच्या मजल्यावर आठवतही नव्हतं.

आठवड्याच्या शेवटी बरोबरी झाली. तेव्हा पप्पा म्हणाले, "शिमग्याला गावी जातोच आहे. कौल लावतो."

सिंधुदुर्गातल्या आमच्या गावी ग्रामदेवाला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून देवापुढे प्रश्न मांडतो, आणि मग सगळे पाकळी पडायची वाट बघत बसतात. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. लग्न जमवावं का, विहीर कुठे खणावी, घराला दार कुठून काढावं, असले प्रश्न आजोबांच्या काळापासून त्या पाषाणापुढे गेलेले. आता त्यांच्या रांगेत माझी परीक्षा.

मी तेव्हा जे काही बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. देवाला फिजिक्स कितपत येतं ते आधी विचारा, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. आई म्हणाली, "तोंड आवर." पप्पा नुसते हसले आणि बॅग भरून गेले. मला बारावीचे पेपर होते, त्यामुळे जायचा प्रश्नच नव्हता. पेपर नसते तरी मी त्या देवळाची पायरी चढले नसते, हेही मी त्यांना दारातून ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते परत आले. पिशवीतून कोकमं काढून आईला दिली, चपला काढल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "डावा पडला. यंदा नको."

फॉर्मची मुदत संपायला दोन दिवस होते. मी पुस्तक आपटलं. दार आपटून जाण्याइतकं आमचं घर मोठं नाही, म्हणून पप्पांशी बोलणं टाकलं. दोन दिवस गेले, मुदत संपली. विज्ञान शिकणाऱ्या मुलीचं वर्ष एका ओल्या पाकळीने ठरवलं, असं मी वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं.

त्या मेमध्ये माझ्या वर्गातल्या बहुतेक मुली बसल्या. ज्यांना मी पेशीचं विभाजन समजावून सांगितलं होतं त्याही बसल्या. प्रवेशाच्या याद्या लागल्या तेव्हा मला कळलं, की माझ्या सरावातल्या शेवटच्या तिन्ही परीक्षांचे मार्क त्या वर्षीच्या कट-ऑफच्या वर होते. सरांना हे सांगितलं तर ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "म्हणजे पुढच्या वर्षी नक्की." मी तोवर त्यांच्या रिपीटर बॅचमध्ये पहिल्या बाकावर बसत होते.

पुढच्या वर्षी मला खरोखरच जास्त मार्क पडले. पण ते सगळ्यांनाच पडले. कट-ऑफ उडी मारून वर गेला आणि मी चार मार्कांनी खाली राहिले. तिसरं वर्ष काढायची ताकद घरात कोणातच नव्हती. फिजिओथेरपी मिळाली, ती घेतली. आज दादरच्या एका क्लिनिकमध्ये मी लोकांचे गुडघे आणि खांदे वाकवते. पेशंट मला तोंडावर डॉक्टर म्हणतात आणि बाहेर जाऊन फोनवर सांगतात, मसाजला आलेलो.

कौलाची गोष्ट मात्र मी फुकट जाऊ दिली नाही. कॉलेजच्या कँटीनमध्ये तिची मी नक्कल बसवली होती. टेबलावर हात जोडून, डोळे मिटून, गुरवाच्या आवाजात. "बा देवा म्हाराजाऽ! ह्या लेकरान यंदा परीक्षेक बसूचा काय नाय ता सांग म्हाराजाऽ! फिजिक्समधी दांडी उडता, ऑरगॅनिक डोक्यात शिरणा नाय, काय वाकडा-नाकडा असात ता दूर कर म्हाराजाऽ!" आणि अख्खं टेबल ओरडायचं, "होय म्हाराजा!" हशा हमखास. मग मी ती नातेवाइकांच्या लग्नातही करू लागले, साखरपुड्यातही. पप्पा तिथेच बसलेले असायचे. 'देवाने माझी डॉक्टरकी घालवली आणि आमच्या वडलांनी ती त्याला नेऊन दिली', असा शेवट मी करायचे तेव्हा लोक त्यांच्याकडे बघून हसायचे, आणि ते पानातलं काहीतरी निवडत बसायचे. मला त्यांची दया आली नाही. उलट बरं वाटायचं, हे मी कबूल करते.

यंदा मात्र तो गुरवच माझ्या तावडीत सापडला. त्याचे गुडघे गेले होते. मुंबईत मुलाकडे आला होता आणि पप्पांनीच त्याला माझ्याकडे पाठवला. एवढासा म्हातारा, धोतर वर खोचून माझ्या टेबलावर पाय पसरून पडलेला. मी त्याच्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, खाली दाबायला सांगितलं, आणि सात वर्षं वाट बघितलेलं वाक्य बोलून घेतलं.

"काका, तुमच्या पाकळीने माझी डॉक्टरकी घालवली. ठाऊक आहे ना?"

"माझ्या पाकळेन? ती कशी गो?"

मी सगळं सांगितलं. शिमगा, परीक्षा, डावा कौल. म्हातारा गुडघा दाबायचं विसरून कोपरावर उठून बसला.

"डावो? खंयचो डावो? अगो, उजवो पडलेलो. गाऱ्हाणा पुरा होवच्या आदीच पडलो. तुझ्या बापाशीन देवळात सगळ्यांका पेढे वाटल्यान."

"तुम्ही दुसऱ्याच कोणाचं तरी सांगताय."

"परीक्षेचो कौल लावणारो तुझो बापूस एकटोच. बाकीचे ढोरां हरवली की येतत. माका बरा आठवता."

त्याला मी पुढचे व्यायाम काय दिले, आठवत नाही. बरोबर दिले असावेत, कारण तो नंतर बरा चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पप्पा मोरीत बसून बांगडे साफ करत होते. हे काम ते आईला करू देत नाहीत. मी उंबऱ्याशी उभी राहून विचारलं, "पप्पा, कौल उजवा पडला होता?"

त्यांनी बांगड्याच्या पोटात बोट घालून आतलं सगळं बाहेर काढलं, तांब्याने पाणी ओतलं. "गुरव बोलला?"

"तुम्ही मला खोटं का सांगितलंत?"

"तू जेवत नव्हतीस तेव्हा. पेपरला निघायच्या आधी हितेच, या मोरीत येऊन ओकायचीस, आणि नळ सोडायचीस, आवाज येऊ नये म्हणून. तुझी आई मला गावी फोन करून रडली. आता देवाला काय, तो होय बोलून मोकळा. पेपर तुला द्यायचा होता."

"मग सरळ सांगायचं, मी नको म्हणतोय म्हणून."

"मी नको बोललो असतो तर बापाने अडवलं म्हणून तू जन्मभर धरून बसली असतीस. देवाला शिव्या घातल्या तर त्याला काय लागत नाय."

माझं डोकं फिरलं. मी खूप बोलले. तुम्हाला कोणी अधिकार दिला, माझं वर्ष होतं, तुमच्या लिफ्टमधल्या डॉक्टरांचं नव्हतं, मी आज कुठे असते. शेजारच्या खोलीतला टीव्ही बंद झाला, म्हणजे तिकडे सगळे ऐकत होते. अजूनही मला वाटतं की यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. पप्पा सगळं ऐकून घेत होते, जसं लग्नातल्या पंगतीत घ्यायचे. मी दम घ्यायला थांबले तेव्हा ते म्हणाले, "खरं सांगू? मला वाटलं, तुला बसायचंच असेल तर तू ऐकणारच नाय."

"म्हणजे?"

"तू कधी देवाचं ऐकलंस? मला वाटलं, हसशील, मला चार शब्द सुनावशील आणि जाऊन भरशील फॉर्म. खालच्या सायबरवाल्याला सांगून पण आलेलो. पोरगी येईल, गर्दी असली तरी तिचा पहिला घे. दोन दिवस येता-जाता त्याला विचारत होतो, आली का."

सायबर आमच्या जिन्याच्या तोंडाशीच होता. फॉर्मला लागणारे सगळे कागद माझ्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात होते, महिनाभर आधीपासून. आणि त्या दोन दिवसांत मी काय करत होते, हे मला चांगलं आठवतं. पहिल्या दिवशी आईने कुळथाची पिठी केली होती, ती मी दोनदा मागून घेतली. दुसऱ्या दिवशी मी पेपरला निघाले आणि ओकले नाही. बसस्टॉपपर्यंत चालताना मला हलकं वाटत होतं. यंदा नाही, आता कोणी मार्क विचारणार नाही, आणि दोष माझा नाही. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. स्वतःलाही सांगायची वेळ येऊ दिली नाही, त्याआधीच मी गुरवाच्या आवाजात ओरडायला लागले होते.

मी मोरीच्या कठड्यावर बसले. पप्पांनी साफ केलेले बांगडे माझ्यापुढे सरकवले, मीठ-हळद लावायला.

"आली नाही ती," मी म्हणाले. "घाबरली होती."

"माहीत हाय," पप्पा म्हणाले आणि त्यांनी पुढचा बांगडा घेतला.